अर्ध्या हजेरीची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी हाय. शाळेतली लिहायची नाय, चिखल वाहायची, लोखंडी. काही जण मला घमेलं म्हणतात. माझी एक कड वाकलीय, बुडाला गंज धरलाय. आज मला बघून भंगारवाला पण नाक मुरडेल. पण मी पण एकदा नवीकोरी होते.

पेणच्या बाजारात मी दुसऱ्या पाट्यांच्या पोटात पोट घालून बसलेली. रंभा आली. तिनं मला उचललं, बोटानं टकटक वाजवलं आणि सरळ डोक्यावर ठेवून बघितलं. दुकानदार हसला, "बाय, टोपी घेतेस काय?"

"टोपीच ही माझी," रंभा म्हणाली. "उन्हात पण हीच, पावसात पण हीच."

तिचं गाव गडबपासून आत, खाडीला लागून. तिथली भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली हाय. मधी नुसता मातीचा बांध. उधाणाला बांध फुटला, म्हणजे खांड पडली, की खारं पाणी आत घुसतं आणि जमीन कितीतरी वर्षं भात देत नाय. म्हणून जुना रिवाज हाय. खांड पडली की घरटी एका माणसानं यायचं, चिखल वाहायचा. ज्या घराची हजेरी पुरी, त्या घराला उघाडीवर जाळं लावायची पाळी. उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला आतलं पाणी तिथनं बाहेर पडतं आणि जाताना कोळंबी, बोईट जाळ्यात टाकून जातं.

ह्या रिवाजाला एक शेपूट हाय. बाई आली तर अर्धी हजेरी.

रंभाचा नवरा कान्हू वारला, तेव्हापासून तिच्या घरातनं तीच यायची. एक खांड चुकवली नाय. मी तिच्या डोक्यावर आणि बाजूला शेजारच्या शेतवाल्या काळुरामची पाटी त्याच्या डोक्यावर. दोघींत चिखल सारखाच. उलट काळुराम मधी मधी विडी ओढायला बसायचा, त्याची पाटी पालथी लोळायची. माझ्या नशिबात लोळणं नव्हतं. संध्याकाळी बांध कमिटीचा पोपटतात्या बांधावर उभा राहून पुकारायचा, "काळुराम, एक. रंभा, अर्धी."

मला फार राग यायचा. अख्ख्या दिवसात मी अर्धी कधी भरले होते?

उघाडीची पाळी रंभाला कधीच आली नाय. आपल्याच उघाडीची कोळंबी ती दुसऱ्याकडनं विकत घ्यायची.

मग प्रोजेक्ट आला. पैसा परदेशातला, बांधाला दगड लावायचा. अट होती की कमिटीत निम्म्या बायका पाहिजेत. पोपटतात्या दारोदार फिरला. "रंभे, तू कमिटीत. सगुणे, तू पण. साडी चांगली नेसून या गो, फोटो हाय." सगुणा रंभाची शेजारीण, जिभेची तिखट. ती म्हणाली, "डोकी पण आणू का तात्या, का साडीच पुरे?"

पहिल्याच मीटिंगला रंभा उभी राहिली. "तात्या, आता मी कमिटीत हाय. माझी हजेरी पुरी धरा आणि पाळी द्या."

"कमिटीत घेतली, फोटो काढला. अजून काय पाहिजे तुला?"

"पाळी."

"बरं. मत घेऊ."

सगळ्या बायकांनी हात वर केले. तात्यानं हात मोजले आणि गार आवाजात म्हणाला, "बायकांचे हात निम्मे धरायचे. रिवाज हाय."

"मग कमिटीत निम्म्या बायका कुठं झाल्या?" सगुणा ओरडली. "पाव झाल्या की!"

पुरुष खो खो हसले. ठराव पडला.

प्रोजेक्टच्या मॅडम बांध बघायला आल्या तेव्हा रंभानं त्यांना सगळं सांगितलं. मॅडमनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमची अट होती, ती पूर्ण झालीय. हजेरी, पाळी हा तुमच्या गावातला विषय आहे." आणि गाडीत बसल्या.

पावसाळ्यात उधाण आलं. जिथवर दगड पोचला नव्हता तिथंच खांड पडली. गाव धावलं. रंभानं मला निम्मंच भरलं आणि उचललं. मागनं सगुणानं पण. मग सगळ्या बायकांनी.

"पुरी भर की!" तात्या खेकसला. "पाणी काय तुझ्यासाठी थांबलंय?"

"अर्धा माणूस, अर्धी पाटी," रंभा म्हणाली.

पाणी काळुरामच्या शेतात शिरलं. रंभाचं शेत त्याच्या पुढचंच. तिची मान माझ्याखाली थरथरत होती. बघणाऱ्यांना नाय कळलं, मला कळत होतं. तरी तिनं पाटी भरली नाय.

शेवटी तात्या मांडीभर पाण्यात उभा राहून बोंबलला, "धरली! पुरी हजेरी धरली! भरा आता!"

मग बायकांनी अशा पाट्या भरल्या की बोलायला नको. माझी कड तेव्हाच वाकली. खांड बुजली.

गणपतीनंतर पाळ्या लागल्या. रंभाची नाय. ती विचारायला गेली तर तात्या दात कोरत बसलेला. "उधाणात बोललेलं उधाणाबरोबर गेलं, रंभे."

"पुढच्या खांडीला जाऊच नको गो," सगुणा म्हणाली. "बुडू दे त्यांना."

पण रंभाचं शेत पण त्याच बांधामागं हाय. खांड पडली की ती धावणार. हे तिला माहीत हाय आणि तात्याला पण माहीत हाय. त्याच्यावरच तर त्यांचं सगळं चाललंय.

मित्रांनो, दुसऱ्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, तेल लावा, जपा. मला नका जपू. खाऱ्या पाण्यातला पत्रा मी, आज ना उद्या सडणारच. पण तुमच्या घरातनं आई नायतर ताई गावच्या कामाला जात असेल, तर संध्याकाळी हजेरी पुकारतात तिथं जाऊन उभे राहा. आणि कुणी "अर्धी" म्हणाला तर गप बसू नका. मी लोखंडाची. तिथं मला बोलता येत नाय. तुम्हाला येतं.