अंडं ठेवलंस का?

शुक्रवारी सकाळी मासा कापायला सुरी उचलली आणि माझा हात तिथेच थांबला. अंडं ठेवलं नव्हतं.

आम्हा यहुद्यांचा वर्षारंभाचा सण गुरुवार-शुक्रवारी आला, की तो संपता संपता शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, दारात उभा असतो; त्या दिवशी चूल पेटवायची नसते. सणाच्या दिवशी शब्बाथचा स्वयंपाक करायचा, तर बुधवारी दिवस मावळायच्या आत एक उकडलेलं अंडं आणि पाव आशीर्वादाचे शब्द म्हणत बाजूला ठेवायचा. म्हणजे शब्बाथची तयारी आधीच सुरू झाली असं धरतात. ज्याने ते ठेवलं नाही, त्याने शब्बाथसाठी काही शिजवायचं नाही. मी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तीनशे माणसांचं रांधण्यात जन्म घालवला, पण आमच्या घरात ते अंडं ठेवायचं काम माझ्या नवऱ्याचं, मुरादचं. एकेचाळीस वर्षं त्याने ते केलं. या वसंतात तो गेला.

बरं, विसरले म्हणावं तर तेही खरं नाही. बुधवारी अंगणापलीकडून नईमाने विचारलं होतं, "गुर्जिया, अंडं ठेवलंस का गं?"

"तू तुझ्या माशातलं मीठ बघ! मला शिकवू नकोस." मी फणकारले, आत आले आणि रागाच्या भरात भांडी घासत बसले. नईमाचा मासा खारट असतो, ही गोष्ट अख्ख्या गल्लीत पसरवली होती तीसुद्धा मीच.

संध्याकाळी मुरादचे पाच जुने सोबती जेवायला यायचे होते. "दरवर्षीसारखे या, या घरात काही बदललेलं नाही," असं मीच तोंड वर करून सांगितलं होतं.

आमचे धर्मगुरू, रब्बी, सगळ्या वस्तीच्या नावाने एक अंडं ठेवतात, पण ते खरोखर विसरलेल्यांसाठी. मला तर आठवण करून दिली होती. माझ्यासाठी शास्त्राने एकच वाट ठेवली होती. ज्याने अंडं ठेवलंय त्याला आपलं सगळं देऊन टाकायचं. त्याने रांधावं, आणि वाटलं तर आपल्याला द्यावं. सणाला गावाला न गेलेली शेजारीण आमच्या अंगणात एकच उरली होती.

मासा, मांस, रवा, पालक, सगळं टोपलीत भरून मी तिच्या दारात गेले.

"नईमा, हे सगळं तुझं. खरंच दिलं. ठेवून घेतलंस तरी माझं काही म्हणणं नाही."

ती टोपलीकडे बघत राहिली. मी टोमण्याची वाट बघत होते. तिच्या जागी मी असते, तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असतं.

"खाली काय ठेवतेस? हातात दे. मी उचलून घेतल्याशिवाय हे सगळं माझं कसं होणार?" तिने टोपली उचलली. "आता सांग, मीठ किती घालू?"

"मासा तुझा आहे बाई. तुझ्या हातानं घाल."

"घालीन हं," ती हसली. "मग रडायचं नाही."

दिवस मावळायच्या आत तिने रांधलेलं सगळं माझ्याच घरी आणून दिलं. पाचही जण आले. नईमालाही मी जबरदस्तीने बसवलं. मासा खारटच होता. तरी त्यांतल्या एझ्राने दोनदा वाढून घेतला.

"वहिनी, तुमचा हात अगदी तसाच आहे!"

नईमा मान खाली घालून पाव मोडत होती. ती काही बोलणार नाही, हे मला कळलं आणि मला माझीच लाज वाटली.

"हा माझा हात नाही," मी म्हणाले. "अंडं मी ठेवलं नाही. आठवण करून दिली, तरी नाही. मासा तिचा, चूल तिची. तुम्ही आज नईमाचे पाहुणे आहात."



"म्हणून तर पाण्याचा जग तिसऱ्यांदा भरला," नईमा म्हणाली, आणि आधी तीच हसली.

शनिवारी, शब्बाथच्या शेवटच्या जेवणाला, ती बशी झाकून घेऊन आली. बाजूला ठेवलेलं अंडं याच जेवणाला खातात. तिने ते सोलून हातानेच मोडलं. मुराद मोठा तुकडा माझ्या ताटात टाकायचा आणि मी दरवेळी म्हणायचे, "पुरे, मला नको इतकं."

नईमाने मोठा तुकडा माझ्यापुढे ठेवला. मी काही न बोलता खाल्ला.