राखेखालच्या सरी

सिनाबुंग डोंगरानं तीन दिवस राख ओकली. चौथ्या दिवशी सकाळी आभाळ मोकळं झालं, तेव्हा रेहुलिनाच्या बटाट्याच्या वावरात हिरवं पान औषधालाही दिसेना. नवरा मागल्या साली वारला, तेव्हापासून घरात ती आणि सासू-सासरे. वेलांखाली नुकत्याच गाठी धरत होत्या.

सासू बिरिंग घागर घेऊन आली. "वत पानी. धुऊन निघंल."

"वल्ली राख सिमिटावानी बसती, आत्याबाई. पान जाग्यावर थिजंल."

"लई शानी. माझं क्यास काय राखंनं पांढरं झाल्यात?"

"आज झाल्यात खरं."

सासरा नगासुप बांधावरनं उठला. आधीच त्याच्या छातीचा भाता झाला होता. तोंडाला फडकं बांधत तो म्हणाला, "तुमच्या भांडनानं पानाचं प्वाट भरनार हाय व्हय? आपल्याला भात, तसं पानाला ऊन. तीन दिस उपाशी हाय त्ये. ऊन वरनं येतंय, तवा वरचीच पानं झाडा. खालच्यांच्या नादी लागू नगा."

कोंबडीच्या पिसांचे झुपके घेऊन तिघं वाकली. एकेक पान तळव्यावर धरायचं, हलक्या हातानं झाडायचं. राख उडे ती नाकातोंडात जाई.

"मामंजी, तुमी घरला जावा," रेहुलिना दोनदा म्हणाली.

"घरात बसून फुप्फुस नवं येतंय व्हय?"

दुपार कलली तवर सतरा सरी उघड्या झाल्या. मग बारीक भुरभूर आली. मोठा पाऊस असता तर राख वाहून गेली असती. भुरभुरीनं ती लिंपून बसली. उरलेल्या चाळीस सरींवरची राख नखानंही निघेना. आठवड्यात ती पानं पिवळी पडली, मग वेलच बसले.

नगासुप अठरा दिवस खोकला आणि गेला.

काढणीला त्या चाळीस सरींत सुपारीएवढ्या गाठी निघाल्या. झाडलेल्या सतरा सरींत मात्र मुठीएवढा बटाटा होता.

बिरिंग बांधावर उभी राहिली. "त्येनं झाडल्याल्या सरी कंच्या?"

"सगळ्यांनी मिळूनच झाडल्या की."

"न्हाई. त्यो वड्याच्या अंगाला हुता."

ती ओढ्याकडच्या सरींत गेली, कुदळ बाजूला सारून हातानंच माती उकरत बसली. निघाला तो बटाटा पुसून, कोंबाचे डोळे बघून, वेगळ्या पाटीत ठेवी.

"आत्याबाई, त्यातलं चार द्या. बाकीचं बाजारात जानार, घरात रांधायला दुसरं काय न्हाई."

"ह्ये बियान्याचं," म्हातारी मान वर न करता म्हणाली. "त्या बारक्या गाठी उकड. मीठ हाय न्हवं घरात?"