सीमेपलीकडे माझं इंधन मिळत नाही

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो, ब्राझीलची. मी पेट्रोलवर नाही, उसाच्या अल्कोहोलवर चालते. आमच्याकडे ऊस अमाप आणि तेल मात्र बाहेरून आणायचं, म्हणून माझं इंजिन त्या अल्कोहोलसाठीच घडवलं गेलं. डिझेल तर आमच्या देशात लहान मोटारींना कायद्यानेच मना.

माझे मालक वाल्दोमिरो हे सीमेवरच्या लिव्रामेंतो गावात घोड्यांची खोगिरं शिवत. तिथला एक रस्ता ओलांडला की उरुग्वे देश सुरू होतो. चौकात मला उभी करून ते म्हणत, "हिच्या धुरालासुद्धा गोड वास येतो. तुमच्या पेट्रोलचा घेऊन बघा!" माझा ऊर भरून यायचा. थंडीत मात्र मी खोकत उठे. पेट्रोलचा एक घोट आधी पाजल्याशिवाय मला जाग येत नसे.

एका हिवाळ्यात अल्कोहोलची टंचाई झाली. पंपावर जेमतेम ओंजळभर मिळे. नेमका तेव्हाच उरुग्वेतल्या ताक्वारेम्बोहून निरोप आला. मालकीणबाई झुल्मिरांची धाकटी बहीण एउलालिया शेवटच्या घटका मोजत होती.

शेजारचे अनिबाल धावत आले. "माझी पेट्रोलची गाडी न्या. तिकडे हिला काय पाजणार?"

"पोचण्यापुरतं आहे हिच्या पोटात. परतीचं परतीला बघू," मालक म्हणाले.

"म्हाताऱ्या, गाडी कुठली का असेना, निघ आधी!" मालकीणबाई ओरडल्या.

आम्ही निघालो. समोरून बोचरा वारा, एकामागून एक चढ. मालकांनी धरलं होतं त्याहून मी जास्त प्यायले. काटा तळाला टेकला, तेव्हा कुठे रस्त्याकडेला एक पंप दिसला. त्याचे मालक इपोलितो हात चोळत बाहेर आले.

"पेट्रोल आहे, डिझेल आहे. अल्कोहोल? ते आम्ही जखमेवर लावतो, काका."

"मग पेट्रोलच घाला. चालेल कशीतरी," मालक म्हणाले.

मित्रांनो, मला ओरडून नको म्हणायचं होतं. जाग येण्यापुरता घोट वेगळा, पोटभर पेट्रोल माझ्या इंजिनाला सोसत नाही. पण मोटारीला कुठली वाचा! पेट्रोल आत गेलं आणि माझ्या पोटात ठोके पडू लागले. मी गचके देत, काळा धूर ओकत पुढच्या चढापर्यंत गेले आणि थांबले. माझं काहीही मोडलं नव्हतं. चाकं धड होती, दिवे धड होते. तरी मला तसूभर हलता येईना.

मालक किल्ली फिरवत राहिले. मालकीणबाई मागून ढकलत राहिल्या. "चल गं बाई, चल. ती माझी वाट बघतेय."

शेवटी इपोलितो पंपाला कुलूप लावून स्वतःची गाडी घेऊन आले. लहानशीच, पण डिझेलची. आमच्याकडे तशी गाडी पाहायलाही मिळत नाही. "बसा, सेन्योरा," ते म्हणाले. ती धडधडत दोघांना घेऊन गेली. मी तिथेच राहिले. काचांवर दव गोठलं, आणि ते पुसायलाही कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निरोप मिळताच अनिबाल डब्यातून अल्कोहोल घेऊन आले. त्यांनी प्लग पुसले, टाकी रिकामी करून भरली. नंतर मालक आणि मालकीणबाई परतले.

"दारात पोचलो तर तिच्या उशाशी मेणबत्त्या लावत होते," मालकीणबाई आपणहून म्हणाल्या. "हात अजून गरम होता तिचा."

मालक म्हणाले, "झुल्मिरा, मी अनिबालचं ऐकायला..."

"गप्प बस, म्हाताऱ्या." मग त्यांनी माझ्या टपावर हात ठेवला. "आणि तुझा तरी काय दोष गं?"

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता आमच्याकडच्या नव्या गाड्या पेट्रोलही पितात, अल्कोहोलही. मी अंगणात उभी असते. मित्रांनो, कुणाला परक्या मुलखात नेणार असाल, तर त्याच्या पोटाला तिथे काय मिळेल, ते आधी विचारा. घरी धावणारा प्रत्येकजण तिकडेही धावेलच, असं नसतं. आणि मोटारीला तर तसं सांगताही येत नाही.