मोठ्याने वाच, रुपा

संध्याच्या घरात शाळा भरायची ती चुलीपाशी, आणि भरायची म्हणजे अगदी गलका करून. धाकटी ममता पाढे म्हणतेय, मधला दिनेश इतिहास वाचतोय, थोरली रुपा विज्ञानाची उत्तरं खणखणीत आवाजात सांगतेय, आणि संध्या पाठमोरी बसून भाकरी थापतेय. कोणी चुकलं की न वळताच टोकायची. पोरांना वाटे, आईच्या पाठीला कान आहेत. कसले कान नि कसलं काय! हात पिठात, डोळ्यांत धूर, मग ऐकण्याखेरीज बाई करणार तरी काय? म्हणून घरात एकच नियम होता, मनात वाचायचं नाही. लिहितानासुद्धा आधी तोंडाने बोलायचं, मग कागदावर उतरवायचं.

नऊ वर्षं हे असं चाललं होतं. म्हसावदच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा पाडा. तिथली आठ घरं ख्रिस्ती, बाकीची जुन्या देवांना मानणारी. संध्याचा नवरा अजित रविवारी मंडळीची उपासना घ्यायचा आणि बाकीचे दिवस पिकअप चालवायचा. त्याला सहाव्या वर्षीच आश्रमशाळेत ठेवलं होतं. रात्री आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा तोंडाशी धरून झोपायचो, असं त्याने लग्नानंतर सांगितलं तेव्हा संध्याचं काळीज हललं होतं. पुढे एका सभेत बाहेरून आलेले पाहुणे म्हणाले की लेकरं देवाने आईबापांना दिलीत, त्यांनीच ती शिकवावीत. अजितने ते मनावर घेतलं. घरात बारावी झालेली बायको होतीच. ठरवलं अजितने आणि राबायला संध्या. प्रार्थनेला तो असायचा, भागाकाराच्या वेळी मात्र गाडी घेऊन कुठेतरी गेलेला असायचा. संध्याने तक्रार केली नाही, पण पस्तिशीतच तिची कंबर धरायला लागली होती.

रुपाला नर्स व्हायचं होतं. त्यासाठी दहावी हवी, आणि दहावीला बसायचं तर शाळेत न जाणाऱ्यांसाठी असतो तो सतरा नंबरचा फॉर्म. तो भरण्यासाठी संध्याने शहाद्याकडच्या एका शाळेत चार खेटे घातले. तिथले हेडमास्तर नवनीत सर भला माणूस. त्यांनीच सुचवलं की बाहेरून बसणाऱ्या पोरांनी डिसेंबरात आमच्या पोरांबरोबर सराव परीक्षा द्यावी, म्हणजे खऱ्या परीक्षेची भीती राहणार नाही. संध्याला काळजी नव्हती. रुपाला अख्खं पुस्तक पाठ होतं.

सराव परीक्षेच्या दिवशी संध्या शाळेच्या ओट्यावर बसून राहिली. अर्धा तास झाला नसेल, तोच शिपाई तिला बोलवायला आला. सरांच्या खोलीत रुपा मान खाली घालून उभी होती. झालं होतं असं, की पेपर हातात पडताच पोरीने नेहमीप्रमाणे प्रश्न मोठ्याने वाचला आणि उत्तर बोलायला लागली. वर्ग हसला. वर्गावरच्या बाईंनी दटावलं तेव्हा ती गप्प झाली, आणि गप्प झाली ती झालीच. पुढचं एक अक्षर लिहिलं नाही. पेपर जवळपास कोरा होता.

"ताई, पोरगी तुमनी हुशार शे," नवनीत सर म्हणाले. "पन तोंड बंद व्हयनं तं तिना हातबी बंद पडना. परीक्षाना केंद्रवर असं बोलनं कोनी चालू देवाव नही."

म्हसावदच्या गाडीत मायलेकी बाजूबाजूला बसल्या. रुपा खिडकीकडे बघत म्हणाली, "आई, तू ऐकतेयस असं वाटल्याशिवाय मला सुचतच नाही गं."

संध्याने कपाळाला हात लावला. पोरीचा काय दोष? आपल्या सोयीसाठी आपणच तिला ही खोड लावली. नऊ वर्षांत एकदासुद्धा तिच्यासमोर नुसतं बसून तिचं लिहिणं पाहिलं नाही. स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला अजितचा.

घरी अजितने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, कदाचित देवाच्या मनात ही परीक्षा नसेल, आपण प्रार्थना करू. झालं! संध्याच्या अंगात ओरडायचंही त्राण नव्हतं. परात उचलून तिने त्याच्यासमोर ठेवली.

"देवाच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "माझ्या मनातलं सांगते. परीक्षा होईपर्यंत चूल तुझी आणि धाकटी दोघं तुझी. मी रुपापाशी बसणार."

अजित परातीकडे बघत राहिला. पण नाही म्हणाला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या भाकरी एका बाजूने करपू लागल्या आणि दुसऱ्या बाजूने कच्च्या राहू लागल्या, आणि पोरं त्या हसत हसत खाऊ लागली.

इकडे संध्याने रुपाच्या मागे हात धुऊन लागायचं ठरवलं. ओठांवर बोट ठेवून पाहिलं. तोंडात पाण्याची गुळणी धरायला लावून पाहिलं, तर पोरीने दोन गणितांत पाणी गिळून टाकलं आणि तिसरं बोलत बोलत सोडवलं. रागावून पाहिलं, तर रुपा रडली, तेही मोठ्याने. जानेवारी निम्मा सरला. फॉर्म भरला होता, परीक्षेचं प्रवेशपत्र येणार होतं, आणि पोरीचं तोंड काही मिटत नव्हतं. संध्या पार थकून गेली. तिला वाटायला लागलं, आपण शिकवायलाच नको होतं. आश्रमशाळेत गेली असती तर निदान गप्प बसायला शिकली असती.

एका दुपारी अजित दोघा धाकट्यांना गाडीत घालून बाजाराला गेला. घर कधी नव्हे इतकं शांत. संध्याने रुपाला विज्ञानाची जुनी प्रश्नपत्रिका दिली, घड्याळ लावलं आणि आपण खाटेवर टेकून बसली. डोळ्यांत तेल घालून बघायचं, ओठ हलले की टोकायचं, असा बेत होता. रुपाने पहिला प्रश्न मोठ्याने वाचला. संध्या टोकणार होती, पण त्याआधीच तिची मान कलली.

जाग आली तेव्हा ऊन ओट्यावरून उतरलं होतं. संध्या धडपडत उठली. अंगावर रुपाची ओढणी घातलेली होती. किती वेळ गेला? पोरीने काय केलं असेल? सगळी दुपार वाया घालवली आपण, मेली झोप ती! रुपा जमिनीवर बसून शेवटच्या पानावर आकृतीला नावं देत होती. तिचे ओठ मिटलेले होते.

संध्याने वही ओढून घेतली. एक पान, दुसरं, आठवं, सगळी भरलेली. एकही प्रश्न लिहायचा राहिला नव्हता.

"हे कधी लिहिलंस?" तिने विचारलं. "मला तर काहीच ऐकू आलं नाही."

"तू घोरत होतीस," रुपा हळूच म्हणाली. "मी बोलले असते तर तुझी झोप मोडली असती."

संध्याने वही मांडीवर घेतली आणि पहिल्या पानापासून मनातल्या मनात वाचायला लागली.