जादाचं धनुष्य

आदिवासी क्रीडा महोत्सवाचं यजमानपद यंदा आमच्या जमातीकडे आलं आणि माझी झोप उडाली. कुठकुठली पथकं येणार, कोणाच्या पोटात काय, कोण सांगणार? लोक मला शंकासुर म्हणतात. म्हणोत बापडे.

तिरंदाजीच्या दिवशी सकाळीच डोंगरापलीकडच्या पथकाची प्रशिक्षक बाई आमच्या तंबूत आली. म्हणाली, "आमच्या पोरीचं धनुष्य प्रवासात तडकलं. एखादं द्याल का?"

ही पोर माझ्या पुतणीच्या तोडीची. जिंकेल तीच पुढे परदेशातल्या स्पर्धेला जाणार, आणि वयाच्या अटीमुळे पुतणीची ही शेवटची संधी. मी तडकलेलं धनुष्य मागवून पाहिलं. चीर जरा जास्तच ताजी वाटली मला.

पण आमची रीत अशी, की पाहुण्याचं धनुष्य मोडलं तर यजमान खेळाडूने आपलं द्यायचं. कुठलं, हे मात्र तिने ठरवायचं. पुतणीकडे दोन होती, रोजच्या हातातलं आणि एक जादाचं.

"जादाचं दे," मी पुतणीला म्हणालो. "पण आधी मी बघतो."

तंबूमागे ते घेऊन बसलो. हरल्यावर 'यजमानांनी सडकं धनुष्य दिलं' अशी बोंब मारायला ही मंडळी मोकळी. म्हणून दोरी बदलली, मेण चोळलं, मूठ नव्याने आवळली. पुतणी डोकावली.

"काका, काय करताय?"

"तुला काय करायचंय? जा, सराव कर." स्पर्धेआधी तिच्या डोक्याला ताप नको होता.

दुपारी तिचे पहिले दोन बाण डावीकडे गेले. एरवी असं होत नाही. मी पुढे सरकून पाहिलं. जादाचं धनुष्य तिच्याच हातात होतं. तिचं रोजचं ती पाहुणी ओढत होती. पुढे पुतणी सावरली, पण बोटभराने हरली.

ती आली तशी मी विचारलं, "तुझं तिला का दिलंस?"

"तुम्ही लपून जादाच्याला काहीतरी करत होतात. विचारलं तर मलाच हाकललंत." ती माझ्याकडे बघत नव्हती. "वाटलं, तिच्या हातात मोडेल. माझ्या हातात मोडलं असतं, तर गोष्ट घरातल्या घरात राहिली असती."

"अगं, मी ते मजबूत करत होतो."

"पहिल्याच बाणाला कळलं मला," ती म्हणाली. हरल्यावर हसतमुखाने पाहुणीला मिठी मारणारी माझी पोर तेव्हा रडायला लागली.