मागच्या घराचा कूड

किनुयो वहिनी शिडीवर, योसाबुरो खाली आणि दोघांचं भांडण जुंपलेलं. कूड बांधायच्या दिवशी हे भांडण ठरलेलंच. ते झालं नाही तर बांबू नीट बसलेत असं आम्हाला वाटायचंच नाही.

"वहिनी, उतरा खाली. तुमच्या वयाच्या बाया शेगडीपाशी बसून चहा पित्यात."

"आन् तुमच्या वयाचे बाप्ये तोंड मिटून काम करत्यात, भावजी. बांबू द्या वर."

मी शेजारची फुसाए. बसल्या बसल्या दोरी तोडून देत होते आणि मनातल्या मनात हसत होते.

आमचं गाव म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्या चिमटीत सापडलेल्या घरांच्या दोन ओळी. पुढची ओळ वाळूवर, बुटकी. मागची तिच्या पाठीशी, चढावर. थंडी पडली की वायव्येचा वारा असा पिसाळतो की लाटांच्या फेसाचे गोळे उडत न्हाणीघरात येऊन पडतात. पुढची घरं मान खाली घालून बसतात, त्यांच्यावरून वारा जातो तो सरळ मागच्या घरांच्या छाताडावर. म्हणून पुढच्या ओळीसमोर दोन पुरुष उंचीचा बांबूचा कूड. फांद्यांसकट बारीक बांबू आणायचे, जुन्यात नवे खोचायचे, आडव्या वाशांना आवळून बांधायचे. बांधायचा पुढच्यानं, पण रीत अशी की घर पुढच्याचं नि कूड मागच्याचा. कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण कुणी मोडलेलंही नव्हतं. त्या दिवशी मागच्या घरचा हात द्यायला येतो आणि पुढच्या घरची त्याला कोंड्यात मुरवलेल्या बांगड्याशी भात वाढते.

वहिनीच्या मागचं घर योसाबुरोचं. तिचा नवरा गेनसुके आणि हा, एका होडीवरचे. गेनसुके माकुलाच्या मासेमारीला गेला तो परत आलाच नाही. थडग्यात त्याची टोपी पुरलीय. त्या दिवशी योसाबुरो तापानं घरी पडला होता. तेव्हापासून वहिनीच्या कुडाला बांबू तोडून आणणं त्यानं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. वहिनीचं दार समुद्राकडं, पण दारापुढं कूड, त्यामुळं घरातून समुद्राचा टिपूसही दिसत नाही. ती म्हणायची, बरंच आहे, त्याचं तोंड कुणाला बघायचंय.

तर त्या दिवशी भांडता भांडता वहिनीचा पाय ओल्या पायरीवरून सरकला. शेवटची गाठ मारायची राहिली होती. खुब्याचं हाड गेलं. योसाबुरो तिच्यापाशी मातीत बसून राहिला नि गाडी येईपर्यंत एकच बोलत होता, "माझ्या भिंतीपायी, माझ्या भिंतीपायी." वहिनी दात आवळून म्हणाली, "रडताय काय? आधी ती गाठ मारा."

मासानोरी, तिचा मुलगा, कानाझावाहून आला. पोरगं वाईट नाही. आई काठी धरून चालायला लागली तसा मागं लागला, चल माझ्याकडं. घर विकून टाकू, समुद्रकाठच्या घराला शहरातली माणसं जीव टाकतात. आणि वसंतात खरंच एकाला घेऊन आला, ओसाकाचा, नम्र माणूस, दारात बूट नीट लावून ठेवणारा. मी चहा द्यायला गेले होते. तो सगळ्या खोल्यांतून फिरला नि शेवटी गोंधळून म्हणाला, "समुद्र कुठं आहे?"

"आइकू येतोय की," वहिनी म्हणाली.

तो हसला. म्हणाला, घर फार आवडलं, तेवढा बांबू काढला की झालं. वहिनीनं चहाची वाटी खाली ठेवली.

"घर माझं हाय, ते घ्या. कूड मागच्याचा हाय. तो मला देता येत न्हाई."

ओसाकावाल्याला काही कळलं नाही, मासानोरीला कळलं आणि तो चिडला. संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. म्हणाला, पुन्हा शिडीवर चढेल ती, मला माहीत आहे. पडून राहिली तर कोण बघणार? लोकांच्या भिंतीसाठी माझी आई का मरावी? मागच्या दाराशी योसाबुरो उभा होता. मला मुळा द्यायला आला होता. मुळा तिथंच ठेवून निघून गेला.

सकाळी योसाबुरो आला तो ठरवूनच आला होता. मला म्हणाला, फुसाए, तू तोंड उघडायचं नाहीस. मग तडक वहिनीकडं. ती ओट्यावर शेंगा सोलत होती.

"वहिनी, मी चाललो नागोयाला. लेक लई मागं लागलीय."

वहिनीनं मान वर केली नाही. "कायमचं?"

"कायमचं. घर बंद करनार. रिकाम्या घराला वारा लागला काय नि न लागला काय."

"म्हंजे माझ्या कुडामागं आता कुनी न्हाई."

"कुनी न्हाई."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, भावजी," आणि सोलायला लागली.

लेकीचं घर मला माहीत होतं. दोन खोल्या, त्यात जावई, नाती. योसाबुरोचं अंथरूण पडलं तर पोरींनी पाय कुठं ठेवायचे? पण सोंग त्यानं पुरतं वठवलं. पिशवी घेऊन गावादेखत बसमध्ये बसला. वहिनी काठी टेकत थांब्यापर्यंत आली, तोंडाला निळं फडकं बांधलेली कोंड्यातल्या बांगड्यांची बरणी त्याच्या मांडीवर ठेवली. शहरात असलं मिळत नाही म्हणाली. बस वळणाआड गेली तरी वाकून उभीच होती.

मग तिचं नाही म्हणणं संपलं. घर विकलं गेलं, वहिनी कानाझावाला गेली आणि चार दिवसांनी योसाबुरो बरणी छातीशी धरून परत आला. वहिनीचा फोन आला की मी सांगायची, घर बंद आहे हो, भावजी मजेत आहेत. सांगताना माझी जीभ जड व्हायची, पण शब्द दिलेला.

ओसाकावाल्यानं उन्हाळ्यात कूड काढला. गावचा म्होरक्या विनवायला गेला, तर तो बिचारा म्हणाला, जमीन माझी आहे ना? होतीच. तो आठ दिवस राहिला, मावळतीचे फोटो काढले आणि कुलूप लावून गेला.

त्या थंडीत वारा दात विचकून आला. वहिनीच्या बुटक्या घरावरून उडी मारून योसाबुरोच्या छाताडावर बसला. कौलं गेली, त्यावर निळी ताडपत्री आली, तीही फाटली. भिंतीला मिठाचे पोपडे धरले. त्यानं आपल्या अंगणात कूड घालायचा घाट घातला. पण एकट्या म्हाताऱ्याच्यानं दोन पुरुष उंचीचा कूड होतो होय? जेमतेम कमरेएवढा झाला, तोही वाकडा. मी म्हटलं, अहो, सांगा तिला खरं. तर माझ्यावरच डाफरला. "येडी हायेस का? परत यील ती. परत शिडीवर चढंल."

पुढच्या उन्हाळ्यात पितरांच्या दिवसांत वहिनी आली, न कळवता, थडगं धुवायला. मला बसच्या थांब्यावर दिसली तेव्हा ओळखलंच नाही, इतकी वाळली होती. मी योसाबुरोला सावध करायच्या आत त्यानंच वरून बघितलं असावं, कारण त्याच्या सरपणाच्या खोपटाचं दार आपटलेलं मला ऐकू आलं.

थडगं धुऊन झालं. आपल्या जुन्या घराशी आली. कुलूप. पायरीवर उभी राहून तिनं समोर बघितलं. त्या पायरीवरून तिला आयुष्यात पहिल्यांदा समुद्र दिसत होता, आणि ती त्याच्याकडं असं बघत होती की मला जवळ जाववेना. मग वळली आणि चढ चढायला लागली. मी म्हटलं, वहिनी, तिकडं काय आहे, घर बंद आहे, ऊन लागेल. ऐकते कशाची.

अंगणात आली. काठीवर धोतराएवढा पंचा वाळत घातलेला, ओला. मुळ्यांना पाणी घातलेलं. आणि ओट्याच्या खुंटीवर तिचीच बरणी, धुऊन उपडी घातलेली, शेजारी निळं फडकं. तिनं फडक्याला हात लावला. मी मेल्याहून मेल्यासारखी, मान खाली घालून उभी.

ती त्या कमरेएवढ्या कुडापाशी बसली. एका ठिकाणी दोरी सुटली होती, ती तिनं ओढून घेतली आणि आवळून गाठ मारली, तिची ती दुहेरी गाठ. मग उठली, आणि ती ज्या आवाजात भांडायची त्या आवाजात, खोपटाकडं न बघता, बोलली.

"फुसाए, योसा भावजींचा फोन आला तर सांग. म्हनावं, किनुयो शहरात लई सुखात हाय. वाऱ्याचा तरास न्हाई, कशाचा न्हाई. माझी काळजी करू नका म्हनावं."

बसमध्ये चढताना मात्र माझा हात सोडेना. हळूच म्हणाली, "चौथ्या मजल्यावर वारा आइकूच येत न्हाई गं. रातभर टक्क जागी असते." मग बस गेली.

मी परत आले तेव्हा योसाबुरो ओट्यावर बसला होता, केसांत कोळिष्टकं. मला बघून म्हणाला, "सुखात हाय म्हनली न्हाई का? आइकलं मी." मी म्हटलं, व्हय. "मग बरं झालं," म्हणाला, आणि पाणी प्यायला उठला. उठता उठता त्याची नजर खुंटीवर गेली. खुंटी रिकामी होती. शेजारचं फडकंही नव्हतं. मलाही तेव्हाच दिसलं.

तो कुडापाशी गेला. गाठीवरून बोट फिरवलं. 

"बरनी घिऊन गेली ती," तो म्हणाला. "म्हंजे तिला कळलं, मी हितंच हाय."

त्यानं गाठ ओढून बघितली.

"मग सुखात हाय, ते मला आइकवायला बोलली."

मी ओट्यावर टेकले. तो माझ्या शेजारी येऊन बसला. समोर तिच्या घराचं बुटकं छप्पर, त्याच्यावरून सगळा समुद्र उघडा पडलेला. संध्याकाळचा वारा सुटला होता. दोघं ओट्यावर बसून राहिलो आणि तो अंगावर घेतला.