पाय शालूबाईचे

मला चालायचा पहिल्यापासून कंटाळा. गुडघ्यांचं सोंग करून मी कितीतरी वर्षं काढली. पण साखर तीनशे बारावर गेली, जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा डॉक्टरांनी दरडावलं, "रोज तासभर चाला, नाहीतर हृदयाचा भरवसा नाही." पुण्याच्या लेकीनं, क्रांतीनं, लगेच पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. माझी पावलं तिला तिकडं मोबाइलवर दिसणार. घरबसल्या पोलीस मागे लागला म्हणायचा!

शेजारची शालूबाई मात्र रोज सकाळी रंकाळा तलावाला पुरी फेरी मारायची. पासष्टीची बाई, काटक. दवाखाना कधी ठाऊक नाही.

आमच्याकडं कुणी आजारी पडलं, की घरातलं दुसरं कुणीतरी त्याच्या नावानं जोतिबाचा डोंगर चढतं. मला तेच सुचलं. घड्याळ तिच्या मनगटावर बांधत मी म्हटलं, "तू तर जातीसच की शालू. माझ्या नावानं चाल."

"चालते की आक्का," ती हसली. "पाय माझं, पुण्य तुझं!"

ती चालायची, मी ओट्यावर बसून शिरा खायची. क्रांती फोनवर शाबासकी द्यायची, तेव्हा थोडी लाज वाटायची, पण शिरा काही सुटला नाही.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. साखर उतरलेली, रक्तदाब जागेवर. डॉक्टर खूश. "बघा, चालण्यासारखं औषध नाही. झोपही लागत असेल आता." लागत होती. घरी येऊन मी गच्चीचा जिना एका दमात चढले आणि पायऱ्या संपल्यावर मला भीती वाटली. मी तर एक पाऊलही चालले नव्हते.

गच्चीवरून खाली पाहिलं. शालूबाई गल्लीच्या तोंडाशी कुणाच्या तरी पायरीवर बसली होती, छातीवर हात धरून. मी धावत गेले. हो, धावत.

"काय झालं गं?"

"काय न्हाय. हल्ली तहान लई लागती. पाय बी सुजल्यात. रोज चालते की मी, तरी बग."

सुजलेल्या मनगटात घड्याळाचा पट्टा रुतला होता. तो मी सोडवून काढला. संध्याकाळी तिला दवाखान्यात ठेवलं. तिच्या लेकानं साखरेचा आकडा सांगितला, तीनशे बारा.

दुसऱ्या दिवशी घड्याळ घरीच ठेवून मी रंकाळ्यावर गेले. पाण्यावर धुकं होतं. पहिलं पाऊल टाकताना मोठ्यानं म्हटलं, "हे शालूबाईच्या नावानं."

आठव्या दिवशी ती घरी आली. सूज उतरत चालली आहे, पण अजून दोन महिने तिला बाहेर चालायला मनाई आहे. माझी धाप परत आली. डॉक्टर चिडून म्हणाले, "चालणं सोडलंत ना?" मी म्हटलं, "न्हाई हो, रोज चालते." पहिल्यांदाच खरं बोलले आणि त्यांना ते पटलं नाही.

आज निम्म्या फेरीत छातीत कळ आली. कठड्याला धरून उभी राहिले. मला मरायचं नाही. एक पाऊल, फक्त एकच, स्वतःच्या नावानं टाकावं असं फार वाटलं.

"शालूबाईच्या नावानं," म्हटलं आणि पुढं निघाले.